पोतीचे माप

नगरला वृत्तपत्रात काम करताना गंठणचोरीच्या बातम्या मी खूप लिहिल्या. त्यांचा साचा ठरलेला असे. महिला पायी जात होती, दुचाकीवरून दोघे आले, पत्ता विचारण्याचा बहाणा केला आणि गळ्यातले गंठण ओरबाडून नेले. बातमीत गंठणाचे वजन येई. फिर्यादीत वजन असे, म्हणून आमच्याकडेही वजनच असे. लांबी कधी आली नाही. ते गळ्याशी होते की पोटावर रुळत होते, पदराच्या आत होते की बाहेर, याची नोंद कुणी घेत नसे.

लांबी हा बायकांच्या बोलण्यातला विषय. आमच्या घरात काळ्या मण्यांच्या आखूड सराला पोत म्हणतात. ती गळ्याच्या खळीखाली थोड्या अंतरावर राहते. त्याहून लांब ते मिनी गंठण, आणि पोटापर्यंत येते ते लांब गंठण. सराफ इंचांत बोलतो: सोळा, अठरा, चोवीस, तीस. बायका बोटांत आणि जागांत बोलतात. ‘ब्लाउजच्या काठाच्या वर’, ‘पदराच्या आत जाईल इतकी’, ‘वाकलं की पिठात बुडते’. कापूस वेचायला जाणारी आखूड घालते, कारण लांब सर बोंडांना अडकतो. तान्ह्या मुलाची आईही आखूड घालते, कारण मूल धरून ओढते. अशा साध्या कारणांवर लांबी ठरते आणि पुढे वर्षानुवर्षे तिचा विचार होत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या पोतीची लांबी ठरायला मात्र फाल्गुन गेला आणि चैत्र अर्धा सरला.

ताई शेवगावात राहते. तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि रोज काळी-पिवळी जीपने जाते-येते. दाजी, म्हणजे तिचे यजमान, दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. सकाळी दुधाची पिशवी घेऊन आले, पायरीवर टेकले, ते उठले नाहीत.

त्या दिवशी अंगणात बायका जमल्या. नव्या विधवेच्या गळ्यातले काढायला विधवा बायकाच पुढे होतात, अशी आमच्याकडची रीत. दोघी-तिघी पुढे आल्या. एकीने तोडण्यासाठी ताईची पोत मुठीत धरली. आमची आई तोवर भिंतीशी बसून होती. वडिलांना जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. तिच्या वेळी पोत तोडली होती आणि मणी अंगणभर झाले होते. पुढे कित्येक दिवस झाडताना एखादा सापडे. आई उठली आणि म्हणाली, ‘तोडू नगा. आकडा हाय त्याला. मी काढते.’ तिने ताईच्या मानेमागे हात घालून आकडा सोडवला आणि पोत अखंड काढून पदरात बांधली.

काळे मणी अस्थींबरोबर पैठणला गोदावरीत गेले. सोन्याच्या दोन वाट्या आणि त्यांच्या बाजूचे सोन्याचे मणी आईने एका स्टीलच्या डबीत घातले आणि डबी ताईच्या कपाटात ठेवली.

ताई पुन्हा शाळेत जाऊ लागली. फरक एवढाच पडला की पूर्वी ती पदर एका खांद्यावर पिन लावून घेत असे, तो आता दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेऊ लागली. मोकळा गळा दिसू नये म्हणून असेल. 

जीपमध्ये तिच्याबरोबर शाळेतल्या दुसऱ्या एक बाई असतात. त्या ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकी करत आलेल्या घरातल्या. त्यांचे यजमान दाजींच्याही आधी गेले. त्यांच्या गळ्यात काळ्या मण्यांची आखूड पोत आहे आणि दोन वाट्यांच्या मध्ये छोटा क्रूस. ताईने एकदा त्यांना विचारले, ‘तुमच्यात काढत नाहीत का?’

‘काढतात की. माझ्या सासूबाईंनी काढली होती,’ त्या म्हणाल्या. ‘मला कुणी काढ म्हणालं नाही, म्हणून राहिली. कुणी म्हणायला आलं असतं तर मी काय केलं असतं, ते मात्र सांगता येत नाही.’

ही गोष्ट ताईने आम्हाला खूप दिवसांनी सांगितली. मेथी निवडत होती, त्यातच सांगून टाकली आणि काड्या उचलून आत गेली.

तिच्या मुलीचे लग्न फाल्गुनात ठरले. तारीख वैशाखातली, शाळेला सुट्टी लागल्यावरची. माझी भाची पुण्याला नोकरी करते, बोलायला स्पष्ट आहे. साखरपुडा झाल्यानंतर आम्ही सगळे ताईकडे होतो. आई ज्वारी पाखडत होती, ताई आणि माझी बायको स्वयंपाकाला लागल्या होत्या. भाची ती स्टीलची डबी घेऊन आली आणि ओट्यावर ठेवली.

‘आई, मंडपात तू तुझी पोत घालायची. मला तुझ्याकडून दुसरं काही नको.’

‘काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?’

‘कोण लोक? नावं सांग. त्यांना पत्रिकाच देत नाही.’

बायकोला हसू आले. ताईने भाजीवर झाकण ठेवले. आईचे सूप थांबले नव्हते. पाखडतापाखडता ती म्हणाली, ‘घालायची तर घाल बाई. पर लांब कर. चांगली बेंबीपत्तुर. पदराखाली जाईल. तुझं तुला ठावं, देवाला ठावं.’

‘आजी, लपवून घालायची तर घालायचीच कशाला?’

‘लपवून न्हाई गं. झाकून.’

‘काय फरक हाय दोन्हीत?’ भाचीने तिची नक्कल केली.

‘लपवत्यात चोरीचं. झाकत्यात भाकरीबी.’

 भाची मामीकडे वळली. बायको कर्जतकडची, मत विचारले की लगेच देते. ‘मला विचाराल तर ताई, आखूडच. अठरा इंची. लांबचा जमाना गेला. आमच्या बाजारातून एकीचं गळ्यातलं लांबवलं, तेव्हापासून मी माझं कपाटात ठेवलंय. ह्यांना विचारा, बातमी ह्यांनीच लावली होती.’

मी मान हलवली. भाची आणि बायको म्हणत होत्या अठरा, आई म्हणत होती तीस. दोन्हींच्या मध्ये बारा इंच होते आणि तेवढ्यातच सगळे ठरणार होते. आखूड केली तर ताई लेकीच्या लग्नात पोत घालून लोकांपुढे उभी राहणार होती. लांब केली तर ती घातली आहे हे तिचे तिलाच माहीत असणार होते. तिला यातले काय हवे होते, ते ती बोलली नाही. ‘बघू,’ म्हणाली आणि डबी पुन्हा आत नेऊन ठेवली. पण कपाटात नाही. भिंतीतल्या देवळीत ठेवली, जाता-येता दिसेल अशी.

त्यानंतरच्या माझ्या सुट्टीला ताई, माझी बायको आणि मी पेठेत गेलो. शेवगावला एका सराफाच्या ओट्यावर दागिने गाठवणारा बसतो. साठीतला माणूस आहे. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतो, मेण लावतो आणि हात चालू असताना गिऱ्हाइकांची थट्टा करतो. गळ्यातल्याचे माप घ्यायची त्याची पद्धत अशी की तो स्वतः बाईच्या गळ्याला हात लावत नाही. दोरा बरोबर आलेल्या बाईच्या हातात देतो. ती मागे उभी राहून दोन्ही टोके पुढे सोडते, समोर आरसा असतो, आणि जागा पसंत पडली की तो दोऱ्याला गाठ मारतो.

काळ्या मण्यांचे माप विधवेच्या गळ्यावर घेऊ नये, असे कुणी कुठे सांगितलेले मला माहीत नाही. विधवेने असे माप द्यायची वेळच येत नसल्यामुळे तसा नियम करायची गरज कुणाला पडली नसावी. आम्ही तिघेही त्याबद्दल काही न ठरवता ओट्यापर्यंत गेलो होतो.

गाठवणाऱ्याने डबी उघडून वाट्या तळहातावर घेतल्या. ‘जुनं काम हाय. चांगलं हाय. कुनाची पोत?’

ताईने पदर लपेटून घेतला होता. ती वाट्यांकडे बघत राहिली. तो थांबला. उत्तर येईना तेव्हा बायको म्हणाली, ‘माझी.’

‘मग या वहिनी, आरशापुढं बसा. ताई, तुमी धरा दोरा मागून.’

ताईने दोरा घेतला आणि बायकोच्या मागे उभी राहिली.

‘किती ठिवायची? आखूड, का आमच्या मंडळीवानी पोटावर लोळनारी?’

बायकोने आरशातून ताईकडे पाहिले. ‘ताई, तुम्ही सांगा.’

‘जरा खाली,’ ताई म्हणाली. ‘अजून थोडी. हं.’

‘अरं वा! गळा वहिनींचा आन पसंती नणंदेची,’ गाठवणारा म्हणाला. ‘आमच्यात नणंद म्हनली खाली, की भावजय म्हनती वर.’

‘आमच्यातही तसंच आहे. आज तुमच्यासमोर म्हणून गप्प बसलेय.’

तो मोठ्याने हसला आणि गाठ मारली. दोऱ्याचे टोक बायकोच्या ब्लाउजच्या काठाच्या जरा वर आले होते. फार वर नाही, आतही नाही. ताईने आरशात त्या जागेकडे नीट बघून मान हलवली होती. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, ‘झालं एकदाचं!’ आणि आम्ही उसाचा रस प्यायलो. ताई त्या दिवशी मोकळेपणाने बोलत होती. लेकीच्या साड्यांबद्दल, आचाऱ्याबद्दल, कशाबद्दलही.

माझी बायको अंगाने भरलेली आहे. ताई मुळात बारीक, आणि दोन वर्षांत आणखी वाळलेली. भरल्या मानेभोवती वर राहणारा दोरा बारीक मानेवर खाली उतरणार, हे सांगायला गणित लागत नाही. तरी तिघांपैकी एकालाही ते त्या ओट्यावर सुचले नाही. ‘कुणाची’ या प्रश्नातून सुटलो, यातच आम्ही समाधानी होतो.

पोत चैत्रात तयार होऊन आली. मी शेवगावला गेलो तेव्हा बायको माहेरी होती, तिच्या भाच्याच्या जावळाला. आई लग्नापर्यंत ताईकडेच राहायला आली होती. ताई आतल्या खोलीत जाऊन पोत घालून बाहेर आली आणि आमच्यापुढे उभी राहिली.

पोत चांगली तीन-चार बोटे खाली उतरली होती. मानेच्या दोन्ही बाजूंनी काळे मणी दिसत होते आणि मग ब्लाउजच्या काठाशी ते आत शिरत होते. वाट्या दिसत नव्हत्या. पूर्ण लांब असती तर पदराने मणीही झाकले असते. आखूड असती तर सगळे उघड असते. ही अशी होती की बघणाऱ्याची नजर मण्यांवरून खाली जाईल आणि पुढे काय आहे ते शोधत राहील.

ताईने मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

‘अगं, वाट्या कुठे गेल्या? फोन खाली घे जरा.’

‘गप गं. मामा बसलाय इथे.’

‘लई बेस हाय,’ आई पलंगावरून म्हणाली. ‘वाट्या आत गेल्यात. कुनाच्या डोळ्यावर यायचं न्हाई.’

एवढ्यात मधल्या दाराची कडी वाजली. ताईचे घर आणि तिच्या जावेचे घर एकाच भिंतीचे, मध्ये एक दार. जाऊ वयाने मोठी, मनाने सरळ, तोंडाने अखंड चालू. ती कैरीच्या तक्कूची वाटी घेऊन आत आली. ताईने फोन उपडा ठेवला आणि दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून तो गळ्याशी उजव्या मुठीत गच्च धरला.

‘काय गं, थंडी वाजतीय का?’

‘जरा कणकण आहे.’

बाहेर ऊन रणरणत होते. पंखा पाचवर होता. जावेने वाटी ठेवली आणि ताईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

‘ताप तर नाही. थांब, काढा आणते.’

‘नको वहिनी, गोळी घेतलीय.’

‘गोळीनं काय होतंय! लग्न तोंडावर आलंय आणि ही पडली तर पाहुण्यांना मी एकटी पुरणार का?’

ती गेली आणि आले, तुळस, गवती चहा घालून उकळलेला काढा पेला भरून घेऊन आली. मग समोर बसली. मांडववाला कसा फिरवतो, आचारी जिलेबीसाठी कसा अडून बसलाय, नवरदेवाच्या मावशीला मानपानाची कोणती साडी लागेल, हे सगळे तिने सांगितले. ताई डाव्या हाताने काढा पीत होती. कानशिलावरून घाम उतरत होता. उजवी मूठ गळ्याशी तशीच होती. घाम पुसण्यापुरताही पदर तिने सोडला नाही. आई पलंगावरून हे पाहत होती. नेहमी ती जावेच्या बोलण्यात दोन शब्द घालते. त्या दिवशी एकही घातला नाही.

जाऊ गेली. दार लागले. ताईने मूठ उघडली. पदर चुरगळून ओला झाला होता. मण्यांचे ठसे गळ्यावर उमटले होते.

‘आई,’ ती म्हणाली, ‘लग्नाचा सबंध दिवस मी असा पदर धरून बसू? पोरीच्या डोक्यावर अक्षता कोणत्या हाताने टाकू?’



‘जाऊ वाईट नाही,’ ताई पुढे म्हणाली. ‘बघितलं असतं तर एखादं बोलली असती, इतकंच. पण तिला मी काय सांगणार, ते माझंच ठरलेलं नव्हतं.’ तिने आकडा काढला, पोत डबीत ठेवली. ‘आजच जाऊन कमी करून आणते.’

‘किती?’ मी विचारले.

‘गेल्यावर बघू.’

आईने पलंगाखालून चप्पल पुढे ओढली. ‘मी येते.’

चारनंतर ऊन जरा उतरल्यावर आम्ही रिक्षाने पेठेत गेलो. ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी बाजूबंद गोंडे लावायला आणले होते, ते गाठवणाऱ्याच्या पुढ्यातल्या सतरंजीवर पडले होते. आईला पायऱ्या चढून धाप लागली, ती कडेला टेकली.

‘या ताई! वहिनी न्हाई आल्या? काय झालं, पसंत पडली न्हाई व्हय?’

‘लांब झालीय. कमी करायची आहे.’

‘मग वहिनींना घिऊन या की. गळा बगितल्याबिगर कशी करू?’

‘वहिनीची नाही,’ ताई म्हणाली. ‘माझी आहे. माप माझ्यावर घ्या.’

तिने एका खांद्यावरचा पदर काढला. गाठवणाऱ्याने तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिले, मग कपाळाकडे, मग डबीतल्या वाट्यांकडे.

‘मालक?’ त्याने विचारले.

‘दोन वर्षं झाली.’

 त्या दोघींपैकी एकीने सतरंजीवरचा आपला बाजूबंद हळूच स्वतःकडे ओढून मांडीवर घेतला. गाठवणाऱ्याच्या ते लक्षात आले. तो पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाला, ‘ताई, मला काय न्हाई. पर लगीनसराई हाय. बायका हितं हौसंनं काळं मनी घिऊन येत्यात. मी असं करतो, पोत ठिऊन जा. अंदाजानं कमी करतो, उद्या न्या.’

‘अंदाजानंच चुकलं ना एकदा,’ ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती आरशापुढून हलली नाही.

आई उठली. ‘दोरा दे इकडं.’

‘मावशी, तुमी...’

‘दे की. हिच्या गळ्यातली काढायला हेच हात चालले. तवा कोन न्हाई म्हनलं न्हाई.’

 त्याने रिळावरून दोरा काढून तोडला आणि तिच्या हातात दिला. आई ताईहून ठेंगणी आहे. ताई खाली बसली. आई तिच्या मागे उभी राहिली, मानेवरचे केस बाजूला केले आणि दोऱ्याची दोन टोके पुढे सोडली. छोट्या आरशात दोघींचे चेहरे मावत नव्हते. ताईचा पूर्ण दिसत होता आणि आईची हनुवटी.

‘हितं?’ गाठवणाऱ्याने बोट दाखवले. जागा आधीच्या पोतीपेक्षा जराशी वर, पण ब्लाउजच्या काठाआडच होती.

ताई आरशात पाहत राहिली. आईच म्हणाली, ‘वर घे. दोन बोटं.’

त्याने बोट वर सरकवले.

‘आनखी.’

‘मावशी, आनखी घेतली तर वाट्या भाईर उघड्या पडतील.’

‘पडू दे.’

आईने दोरा मागून खेचला. टोके वर गेली, आणखी वर गेली.

‘आता थांब गं आई,’ ताई म्हणाली. ‘फास लावतेस का मला?’

ती हसली. आईलाही हसू आले आणि तिच्या हातातला दोरा सैल झाला. मग ताईने स्वतःच उजव्या हाताची चार बोटे गळ्याच्या खळीखाली आडवी ठेवली आणि शेवटच्या बोटाखाली दोऱ्याची टोके धरली. ‘इथे,’ ती म्हणाली. गाठवणाऱ्याने पुढे होऊन तिथे गाठ मारली.

तो मणी काढून सर पुन्हा गाठवेपर्यंत आम्ही ओट्यावरच बसलो. बाजूबंद मांडीवर घेतलेल्या बाईने काही वेळाने विचारले, ‘लेकीचं लगीन का?’

‘हो. वैशाखात आहे.’

‘कुठली सोयरीक?’

‘राहुरीकडची.’

‘चांगलं हाय,’ ती म्हणाली. तिने बाजूबंद परत सतरंजीवर ठेवला नाही, पण उठूनही गेली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी ताई तयार होऊन बाहेर आली. पदर एका खांद्यावर पिन लावून घेतला होता, पूर्वी घेत असे तसा. पोत गळ्याखाली चार बोटांवर बसली होती. मधल्या दारातून जाऊ आली, थबकली आणि बघत राहिली. 

‘म्हणजे त्या दिवशी कणकण नव्हती तर,’ जाऊ म्हणाली.

‘नव्हती.’

‘मग काढा कशाला प्यायलीस बाई? माझं सगळं आलं संपलं त्यात.’ आणि ती ताईच्या खांद्यावरची पिन सारखी करायला लागली. पिन नीटच होती.

सगळे असेच झाले असे नाही. मांडवात हळदी-कुंकवाचे ताट घेऊन फिरणारी एक बाई ताईपुढे आली, तिने वाट्या पाहिल्या, मग कपाळ पाहिले, आणि करंगळी कुंकवात बुडवून तशीच थांबली. शेवटी तिने ताईच्या हातात नुसते फूल दिले आणि पुढे गेली. ताईने ते फूल केसांत घातले नाही, टाकलेही नाही. पर्समध्ये ठेवले. मागच्या रांगेत दोघी-तिघींची कुजबुज झाली. ती माझ्यापर्यंत आली, म्हणजे ताईपर्यंतही आली असणार. मंगलाष्टके सुरू झाल्यावर ती पहिल्या रांगेत उभी होती आणि प्रत्येक कडव्याला अक्षता टाकत होती. डाव्या ओंजळीतून घ्यायच्या, उजव्या हाताने टाकायच्या. हात वर गेला की वाट्या किंचित हलत आणि परत जागेवर येत.

भाचीने मागितले होते ते लग्नाच्या दिवसापुरते. त्यामुळे पाठवणी झाल्यावर, घरी येऊन ताई अंगावरचे एकेक उतरवू लागली तेव्हा आईने देवळीतली डबी आणून तिच्यापुढे उघडून धरली. ताईने तिच्यात कानातले ठेवले. जावेने लग्नापुरती दिलेली मोहनमाळ काढून बाजूला ठेवली. डबीचे झाकण लावले. पोत गळ्यातच होती. 

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशीचे ताईने मला फोनवर सांगितले. जीप नेहमीच्या थांब्यावर आली. मधल्या सीटवर त्या ख्रिस्ती बाई होत्या; मापाचा सगळा घोळ ताईने त्यांना सुट्टीआधी सांगितलेला होता. त्यांनी ताईच्या गळ्याकडे पाहिले, चष्मा वर करून पुन्हा पाहिले.

‘लांबी बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या आणि सरकून तिला जागा करून दिली.